अग्निजन्य खडकांची ओळख आणि विहिरीसाठी जागेची निवड

जमिनीचा कस, बियाण्याची निवड, खताची मात्रा या गोष्टींचा विचार शेतकरी नेहमीच करीत असतो. परंतु ज्या खडकापासून त्याची जमीन तयार झाली आणि ज्या खडकात त्याच्या विहिरीचे पाणी साठते, त्या खडकाकडे मात्र त्याचे लक्ष सहसा जात नाही. विहीर खणण्याची वेळ आली म्हणजे या उपेक्षेची किंमत मोजावी लागते. कर्ज काढून खणलेली विहीर कोरडी निघाली, तर केवळ एक खड्डा वाया गेला असे होत नाही. कुटुंबाची कित्येक वर्षांची घडी विस्कटते. शेजारच्या शेतात पाणी आणि आपल्या शेतात मात्र कोरडा फत्तर, असे का व्हावे? याचे उत्तर नशिबात शोधण्याऐवजी खडकाच्या रचनेत शोधले, तर पुष्कळ नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

महाराष्ट्राच्या एकूण भूभागापैकी चार पंचमांशाहून अधिक भाग एकाच अग्निजन्य खडकाने, म्हणजे काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. यास्तव अग्निजन्य खडक कसे तयार झाले, त्यांचे प्रकार कोणते, ते कसे ओळखावेत आणि शेतीच्या व नित्याच्या व्यवहारात त्यांचा उपयोग कसा होतो, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

खडकांचे तीन वर्ग

पृथ्वीच्या कवचातील खडकांचे उत्पत्तीवरून तीन वर्ग पाडतात. तप्त शिलारस थंड होऊन जे खडक बनतात, ते अग्निजन्य होत. वाळू, गाळ, चुना इत्यादी पदार्थ पाण्याच्या तळाशी थराथराने साचून व घट्ट होऊन जे बनतात, त्यांना गाळाचे खडक म्हणतात. वालुकाश्म व चुनखडक ही त्यांची उदाहरणे. या दोन्ही प्रकारच्या खडकांवर जमिनीच्या पोटातील उष्णतेचा व दाबाचा परिणाम होऊन जे पालटलेले खडक तयार होतात, ते रूपांतरित खडक होत. संगमरवर हे त्यांचे परिचित उदाहरण आहे. या तिन्हींमध्ये अग्निजन्य खडक हे मूळचे होत.

अग्निजन्य खडक कसे बनतात

भूपृष्ठाखाली खोलवर काही ठिकाणी खडक वितळलेल्या स्थितीत असतात. या वितळलेल्या द्रव्यास शिलारस म्हणतात. तो भूपृष्ठावर आला म्हणजे त्यास लाव्हा हे नाव मिळते. काळा पाषाण ज्यापासून बनतो, त्या लाव्ह्याचे तापमान बाहेर पडताना सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस असते.

शिलारस कोठे व किती वेगाने थंड झाला, यावर खडकाचे स्वरूप अवलंबून असते. पाक सावकाश थंड होऊ दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. तोच झपाट्याने थंड केला तर कण बारीक राहतात. खडकाचेही असेच आहे. जमिनीच्या पोटात हजारो वर्षे हळूहळू थंड होत गेलेल्या शिलारसात डोळ्यांना सहज दिसतील एवढे मोठे स्फटिक तयार होतात. उघड्यावर लवकर थंड झालेल्या लाव्ह्यात स्फटिक इतके बारीक असतात, की ते नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसत नाहीत.

मुख्य प्रकार

थंड होण्याच्या जागेवरून अग्निजन्य खडकांचे तीन प्रकार होतात.

पहिला प्रकार पातालिक खडकांचा. हे खूप खोलवर बनलेले व भरड कणांचे असतात. ग्रॅनाइट व गॅब्रो हे या प्रकारातील होत. वरचे खडक झिजून गेल्यावर ते उघडे पडतात.

दुसरा प्रकार उपपातालिक खडकांचा. भूपृष्ठापासून थोड्या खोलीवर, दुसऱ्या खडकांच्या भेगांत शिलारस शिरून हे बनतात. त्यांचे कण मध्यम असतात. डोलेराइट हा यातील नेहमी आढळणारा खडक. उभ्या भेगेत शिरून घट्ट झालेल्या अशा खडकाची जमिनीत जणू एक भिंतच तयार होते. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत अशा भिंती पुष्कळ असून काही ठिकाणी त्या लांबच लांब टेकड्यांच्या रांगांसारख्या वर आलेल्या दिसतात.

तिसरा प्रकार ज्वालामुखी खडकांचा. भूपृष्ठावर वाहून आलेला लाव्हा थिजून हे बनतात. बेसाल्ट, म्हणजेच आपला काळा पाषाण, हा यांपैकी प्रमुख होय. फेसाळ लाव्हा थिजून बनलेला व पाण्यावर तरंगण्याइतका हलका प्युमिस हा दगडही याच वर्गातला.

सिलिकेच्या प्रमाणावरूनही या खडकांत भेद करतात. ग्रॅनाइटमध्ये सिलिका सुमारे ७० टक्के असते. म्हणून तो फिकट रंगाचा असतो. बेसाल्टमध्ये ती सुमारे ५० टक्के असून लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे प्रमाण अधिक असते. म्हणून तो काळसर व वजनाला जड असतो. या एका फरकाचे परिणाम पुढे मातीत व पर्यायाने पिकांतही उतरतात.

दख्खनचा काळा पाषाण

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या प्रदेशात जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून लाव्ह्याचे लोट पुनःपुन्हा बाहेर पडले व दूरवर पसरले. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थर साचत गेले. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात व लगतच्या काही प्रदेशांत मिळून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या खडकाने व्यापलेले आहे. त्यास दख्खन ट्रॅप असे म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात उभे राहून समोरच्या डोंगराकडे पाहिल्यास कडा व उतार, पुन्हा कडा व पुन्हा उतार अशा पायऱ्या दिसतात. लाव्ह्याच्या एकावर एक बसलेल्या थरांची कमीअधिक झीज झाल्यामुळे त्या बनल्या आहेत. लांबून हे थर गाळाच्या खडकांसारखे भासतात. परंतु ते गाळाचे नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

प्रत्येक थराची अंतर्रचना शेतकऱ्याने समजून घेण्यासारखी आहे. थराच्या मधल्या भागातील खडक घट्ट, एकसंध व कठीण असतो. वरच्या भागात लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे अडकल्यामुळे खडक छिद्रयुक्त बनतो. पुढे या पोकळ्यांत पांढरी, हिरवट अथवा रंगीत खनिजे भरली जातात. अशा ठिपकेदार, तुलनेने मऊ खडकास विहीर खणणारे लोक मांजऱ्या म्हणतात. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेच्या काळात थराचा पृष्ठभाग झिजून माती बनली आणि तीवर पुन्हा तप्त लाव्हा पसरला. अशा ठिकाणी विटेसारखा तांबडा, मातकट थर आढळतो. त्याची जाडी काही सेंटीमीटरपासून एखाद्या मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक असते.

खडक कसा ओळखावा

उन्हापावसाने रापलेल्या पृष्ठभागावरून खडकाची पारख करू नये. हातोड्याने फोडून ताजी कपार पाहावी आणि पुढील क्रमाने तपासावे.

१. कण : मोठे, एकमेकांत गुंतलेले व चमकणारे स्फटिक दिसले तर खडक पातालिक समजावा. बारीक व एकजीव पोत असेल तर तो बहुधा ज्वालामुखी खडक होय. वाळूचे गोल कण हाताला लागून सुटू लागले, तर तो गाळाचा खडक असण्याचा संभव असतो.

२. रंग व वजन : काळा, करडा किंवा हिरवट काळा आणि हातात घेतल्यावर जड लागणारा दगड बेसाल्ट असावा. पांढरा, गुलाबी अथवा राखी रंगाचा, काचेसारखी गारगोटी, गुळगुळीत पृष्ठांचे फेल्स्पार व चकाकणारे अभ्रक असलेला दगड ग्रॅनाइट असावा. त्यासारखाच, पण काळेपांढरे पट्टे असलेला खडक रूपांतरित वर्गातील असतो.

३. आवाज : घट्ट खडकावर हातोडा मारला असता खणखणीत नाद येतो. झिजलेल्या खडकाचा आवाज बद्द येतो.

४. पोकळ्यांतील खनिजे : पांढऱ्या खनिजावर लिंबाचा रस अथवा सौम्य आम्ल टाकून बुडबुडे आले, तर ते चुन्याचे खनिज, म्हणजे कॅल्साइट होय. काचेवर ओरखडा उठला तर ते गारगोटीच्या जातीचे खनिज समजावे. तंतुमय किंवा मोत्यासारखी झळाळी असलेली व काचेवर ओरखडा न उठवणारी खनिजे बहुधा झिओलाइट असतात.

५. झिजण्याची रीत : काळा पाषाण झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो व मध्ये गोल धोंडा शिल्लक राहतो. रस्त्यासाठी केलेल्या कोणत्याही खोदकामाच्या बाजूला हे दृश्य पाहावयास मिळते.

खडक आणि माती

काळ्या पाषाणापासून सपाट व सखल भागात काळी कसदार जमीन तयार होते. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी मिळताच फुगतात व वाळताच आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात तिला मोठ्या भेगा पडतात. ती ओल दीर्घकाळ धरून ठेवते व रब्बी ज्वारीसारखे पीक पोसते; परंतु पाण्याचा निचरा नीट न झाल्यास ती पाणथळ व चोपण होण्याचे भय असते. खडकातील कॅल्शियम सुटून पाझरते व खाली चुनखडीच्या रूपाने साचते. अशा चुनखडीच्या जमिनीत मूळ खडकात लोह भरपूर असूनही ते पिकांना घेता येत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. उंचावर व उतारावर याच खडकाचा मुरूम व उथळ हलकी जमीन आढळते. डाळिंबासारख्या फळझाडांना असा निचरा मानवतो. कोकणातील अतिपावसात याच पाषाणातील विद्राव्य घटक वाहून गेले, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले आणि जांभा तयार झाला.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांचा बराच भाग आणि नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोलीकडचा प्रदेश ट्रॅपच्या बाहेर पडतो. तेथे ग्रॅनाइट व तत्सम रूपांतरित खडक विपुल आहेत. गारगोटी सहसा झिजत नसल्यामुळे ग्रॅनाइटची माती रेताड व फिकट होते आणि पाणी कमी धरते. पूर्व विदर्भात भातासाठी तलाव बांधण्याची जी जुनी परंपरा आहे, तिचे महत्त्व अशा जमिनीवर विशेष जाणवते.

पाणी नेमके कोठे साठते

घट्ट काळा फत्तर पाणी शोषून घेत नाही. पाणी असते ते झिजलेल्या मुरुमात, भेगा पडलेल्या खडकात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात. तांबडा मातकट थर मात्र पाणी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे त्याच्या माथ्यावर पाणी अडते, आणि डोंगरउतारावर जेथे हा थर उघडा पडतो तेथे पुष्कळदा झरा लागतो. डोलेराइटची भिंत नाल्याला आडवी गेली असेल व ती एकसंध असेल, तर भूमिगत पाणी तिच्या वरच्या अंगास तुंबते. अशा ठिकाणी भिंतीच्या एका बाजूची विहीर भरलेली व दुसऱ्या बाजूची कोरडी असे आढळल्यास नवल नाही. भिंतीलाच भेगा असल्या, तर मात्र तीच पाण्याची वाट बनते.

हा साठा किती असतो, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावा. झिजलेल्या व भेगाळ काळ्या पाषाणातून, त्याच्या आकारमानाच्या साधारणतः १ ते ३ टक्के एवढेच पाणी आपल्याला काढून घेता येते. १ हेक्टर जमिनीखाली १० मीटर जाडीचा असा खडक पाण्याने पूर्ण भरलेला आहे व त्यातून २ टक्के पाणी मिळते असे धरले, तर खडकाचे आकारमान १ लाख घनमीटर व पाणी २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर भरते. आकडा मोठा दिसतो. परंतु तेवढे पाणी १ हेक्टरवर पसरल्यास त्याची उंची अवघी २० सेंटीमीटर होते. उसास वर्षाकाठी सुमारे २०० सेंटीमीटर पाणी लागते. पावसाचे ५० सेंटीमीटर त्यातून वजा केले, तरी उरलेल्या १५० सेंटीमीटरसाठी साडेसात हेक्टर जमिनीखालचा साठा लागेल. म्हणजेच एका शेतातील ऊस शेजारच्या कित्येक शेतांखालचे पाणी ओढून घेतो. काळ्या पाषाणाने आपल्याला माती उदारपणे दिली. पाणी मात्र तो हात राखून देतो. पिकांची योजना करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

विहीर खणण्यापूर्वी

१. प्रथम परिसरातील जुन्या विहिरी उतरत्या क्रमाने पाहाव्यात. विहिरीची न बांधलेली बाजू म्हणजे जमिनीखालचे उघडे पुस्तकच होय. माती किती, मुरूम किती, मांजऱ्या कोठे लागला, तांबडा थर किती खोल, झरे कोणत्या थरातून येतात, हे सारे मोजून वहीत लिहून घ्यावे.

२. पाण्याची पातळी पावसाळ्यानंतर न पाहता चैत्र-वैशाखात पाहावी. पंप किती तास चालतो व उपसा थांबल्यावर विहीर किती वेळात पुन्हा भरते, याचीही चौकशी करावी.

३. जागा शक्यतो सखल भागात, नाल्याच्या जवळ किंवा दोन ओहोळांच्या संगमापाशी, जेथे मुरुमाचा थर जाड असेल तेथे निवडावी. टेकडीचा माथा, तीव्र उतार व उघडा कातळ ही स्थाने टाळावीत.

४. जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा व विहिरीच्या जागेसंबंधीचे नियम समजून घ्यावेत. जमिनीतून विजेचा प्रवाह सोडून खडकाचा विरोध मोजण्याची एक पद्धत आहे. ओलसर, झिजलेला खडक कमी विरोध करतो व कोरडा घट्ट फत्तर अधिक. तथापि, चिकणमाती व तांबडा थर यांचाही विरोध कमी असल्यामुळे या मापांचा अर्थ जाणकारानेच लावावा लागतो. हातातील काटकीच्या अथवा तळहातावरील नारळाच्या हालचालीवरून खडकाची रचना कळत नाही. केवळ तेवढ्यावर विसंबून कर्ज काढू नये.

५. घट्ट फत्तर लागल्यावर केवळ खोली वाढवीत जाणे नेहमीच हिताचे नसते. झिजलेल्या थरातून किंवा सांध्यातून पाझर येत असेल, तर त्या पातळीवर आडवे बोअर घेणे कित्येकदा अधिक उपयुक्त ठरते. खोल उभ्या बोअरला पाणी लागते ते एखाद्या भेगेमुळे. ती भेग वरच्या साठ्याशी जोडलेली नसेल, तर सुरुवातीचा जोर लवकरच ओसरतो.

पाणी मुरविणे

जे खडकात मुरेल तेवढेच विहिरीत येईल. उतारावरील समतल चर, दगडी बांध व पाझर तलाव यांचे महत्त्व यातच आहे. येथेही खडक पाहूनच काम करावे. पाझर तलावाच्या तळाशी मुरूम किंवा भेगाळ खडक हवा. एकसंध फत्तरावर बांधलेल्या तलावातील पाणी मुरण्याऐवजी उन्हाने आटते. उलट, शेततळ्यात पाणी टिकून राहावयाचे असल्यास मुरमाड जागा अस्तराशिवाय निरुपयोगी ठरते. एकच मुरूम एका कामास गुण व दुसऱ्या कामास दोष होतो.

नित्याच्या व्यवहारातील उपयोग

जाते, पाटा-वरवंटा, उखळ व खलबत्ता ही घरातील साधने काळ्या पाषाणाचीच. तो कठीण व चिवट असल्यामुळे लवकर झिजत नाही आणि गुळगुळीत झाल्यावर टाकी लावून पुन्हा खरखरीत करता येतो. विहिरीचे बांधकाम, घराचा पाया, घाट, पूल, रस्त्याची व रेल्वेमार्गाची खडी यांसाठी तो सर्वत्र वापरला जातो. नदीतील वाळूचा तुटवडा पडू लागल्यापासून बांधकामासाठी याच दगडाची दळून केलेली कृत्रिम वाळूही प्रचारात आली आहे. ग्रॅनाइटला उत्तम झिलई चढते. म्हणून तो फरशी व ओट्यांसाठी पसंत केला जातो. मुरूम हा पाणंद रस्त्यांच्या व गोठ्याच्या भरावास सोयीचा असतो. मात्र दगड अथवा मुरूम विक्रीसाठी काढावयाचा असल्यास तो गौण खनिजात मोडत असल्याने महसूल खात्याची परवानगी घेणे आवश्यक आहे. पोकळ्यांतील अकीक दागिन्यांसाठी उपयोगी पडतो, तर महाराष्ट्रातील झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत ठेवले गेले आहेत. अजिंठा, वेरूळ, कार्ले व भाजे येथील लेणीही याच काळ्या पाषाणाच्या थरांत कोरलेली आहेत.

ज्या कारागिरांनी ती लेणी कोरली, त्यांना कोणता थर घट्ट, कोठे भेग आणि कोठे पाण्याचा पाझर याची पारख करावीच लागली असली पाहिजे. त्याच पारखीची आज शेतकऱ्यास गरज आहे. त्यासाठी मोठी उपकरणे लागत नाहीत. हातोडा, मोजपट्टी, वही आणि निरीक्षणाची सवय एवढ्या सामग्रीवर सुरुवात करता येते. गावातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सर्व विहिरींच्या थरांची व उन्हाळी पातळीची नोंद एका नकाशावर केली, तर पुढील विहीर कोठे खणावी, आणि मुख्य म्हणजे कोठे खणू नये, हे ठरविण्यास त्या नोंदीचा उपयोग होईल. येत्या उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेल्या असताना, हे काम हाती घेणे इष्ट होय.